शाळेपासून चौदा मीटरवरचं कांडप यंत्र आणि एकशे तीस पाइप

भिवापूर-उमरेड पट्ट्यात जानेवारीत नवी मिरची वाळून येते आणि मे संपेपर्यंत गावोगावची कांडप यंत्रं दिवसभर चालतात. आमच्या गावात महिला बचत गटाचं १० अश्वशक्तीचं यंत्र जिल्हा परिषद शाळेच्या खिडकीपासून १४ मीटरवर आहे. नेमकं परीक्षेच्या दिवसांत ते सगळ्यात जास्त चालतं. यंत्र हलवायचं तर शेड आणि वीजजोडणी नव्यानं करावी लागते, बंद ठेवायचं तर गटाच्या बायांचा अख्खा हंगाम बुडतो. म्हणून शेड आणि शाळेच्या मध्ये ठरावीक अंतरानं पाइपांच्या रांगा उभ्या करून आवाज वाटेतच अडवायचं ठरलं. पहिलं मोजमाप जानेवारी २०२४ मध्ये घेतलं, शेवटची दुरुस्ती जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या दोन वर्षांत काय केलं, दिवस कुठं गेले, पैसा कुठं गेला, ते क्रमानं लिहितो आहोत. ज्यांच्या गावात गिरणी किंवा डाळ मिल शाळेला, दवाखान्याला लागून आहे, त्यांना यातले आकडे उपयोगी पडावेत.

सुरुवातीलाच सांगतो: भिंत बांधता येत असेल तर भिंतच बांधा. नऊ इंची विटेची भिंत सगळ्याच आवाजाला अडवते, पाइपांची रचना स्वरांच्या एका ठरावीक पट्ट्यालाच. आमच्याकडं भिंत शक्य नव्हती, कारण शेडची मोकळी बाजू एकच आणि तीच शाळेकडं. मिरचीची धूळ तिथूनच बाहेर पडते, वारा तिथूनच आत येतो. मे महिन्यात पत्र्याखाली, मिरचीच्या ठसक्यात उभं राहणाऱ्या बाईसमोरची हवा बंद करणं हा उपाय होऊच शकत नाही. वारा जाऊ द्यायचा आणि आवाज अडवायचा, अशी अट असेल आणि आवाजात एखादा ठळक स्वर असेल, तरच अशा आवर्ती, म्हणजे सारख्या अंतरानं पुन्हा पुन्हा येणाऱ्या, रचनेचा विचार करावा.

स्वर आहे का, हे कानावर सोडू नये. १४ जानेवारी २०२४ ला, रविवारी, शाळा बंद असताना खिडकीत फोन ठेवून मोजलं. फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत अॅप आहे. त्यातल्या ध्वनी-वर्णपटात, म्हणजे कुठला स्वर किती जोरात आहे ते दाखवणाऱ्या आलेखात, ८०५ हर्ट्झला (सेकंदाला ८०५ कंपनांवर) एक उंच सुळका आणि ४०५ च्या आसपास दुसरा, बुटका सुळका दिसला. फोनवरचा डेसिबलचा आकडा खरा धरू नका, पण सुळक्याची जागा बरोबर असते. डेसिबलसाठी नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून ध्वनिमापक आणला. अनामत ५,००० रुपये आणि शाळेच्या लेटरहेडवर अर्ज. मोजण्याआधी आणि नंतर ९४ डेसिबलचा ठरलेला आवाज देणाऱ्या कॅलिब्रेटरवर तो तपासून घ्यायचा, नाहीतर पुढची सगळी तुलना फुकट जाते. यंत्रापासून एक मीटरवर ९८ डेसिबल, शाळेच्या खिडकीत ७३. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि शांतता क्षेत्राला ५० ची मर्यादा आहे. म्हणजे नुसता एक उपाय करून आपण नियमात बसणार नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. तरी वर्गात बोललेलं ऐकू यावं, एवढं गाठायचं होतं.

सुळका कुठून येतो तेही मोजून पाहावं. मोटर १,४४० फेऱ्यांची, तिची पुली १० इंची, यंत्राची साडेतीन इंची. गुणोत्तरानं ४,११४ फेऱ्या येतात, पट्ट्याची घसरण धरून साधारण ४,०५०. मिनिटाच्या फेऱ्यांना ६० नं भागलं की सेकंदाला ६७.५. रोटरवर १२ बीटर (मिरची कुटणारे दांडे), म्हणून ६७.५ गुणिले १२ बरोबर ८१०. त्याच शाफ्टवरच्या पंख्याला ६ पाती, म्हणून ४०५. गणित आणि मोजमाप जुळलं की निम्मी चिंता मिटते. व्होल्टेज पडलं किंवा हॉपरमध्ये ओली मिरची आली की फेऱ्या कमी होतात. हंगामभर तो मोठा स्वर ७७० ते ८१५ मध्ये सरकत राहतो, हे पुढच्या आठवडाभराच्या नोंदींवरून दिसलं.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय ठेवला. गटाच्या एका ताईंनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला: “पाइपाच्या फटीतून हवा जाते तं आवाज कसा नाही जाणार जी?” याचं उत्तर नीट देता आलं पाहिजे, कारण पुढं प्रत्येक टेबलावर हाच प्रश्न येतो. आवाजाची लाट पाइपांच्या पहिल्या रांगेला लागली की थोडीशीच परत फिरते, बाकीची पुढं जाते. दुसऱ्या रांगेवरून पुन्हा थोडी परत येते, तिसरीवरून पुन्हा. दोन रांगांतलं अंतर तरंगलांबीच्या बरोबर निम्मं असेल, तर दुसऱ्या रांगेवरून परतलेली लाट जाऊन-येऊन एक पूर्ण तरंगलांबी चालते आणि पहिलीच्या पावलाला पाऊल जुळवून येते. भजनी मंडळात सगळ्यांचे टाळ एकाच ठोक्यावर पडले की कसा आवाज उठतो, तसं परतणारं सगळं एकमेकांत मिळतं. परत जाणारं वाढलं की पलीकडं पोचणारं घटतं. वाऱ्याला या पावलांशी काही देणंघेणं नाही, तो फटीतून निघून जातो.

हे तत्त्व जुनं आहे. पण नुसत्या उभ्या नळ्यांनी हवेतला आवाज अडतो याचं गाजलेलं मोजमाप १९९५ मधलं. माद्रिदमध्ये शिल्पकार सेम्पेरे यांचं पोलादी नळ्यांचं एक शिल्प उघड्यावर उभं आहे. नळ्या २.९ सेंमी जाडीच्या, एकमेकींपासून १० सेंमीवर. स्पेनच्या संशोधकांनी त्यातून जाणारा आवाज मोजला, तेव्हा १,६७० हर्ट्झला तो ठळक पडलेला दिसला. हवेतला ध्वनिवेग दुप्पट अंतरानं भागून पाहा, १,७०० च्या जवळ येतं. आमचं सगळं आराखड्याचं काम याच भागाकारावर उभं आहे.

फरक इतकाच की आपल्याकडं ध्वनिवेग हा एकच आकडा धरून चालत नाही. १५ अंशाच्या सकाळी तो सेकंदाला ३४० मीटर असतो, ४० अंशाच्या दुपारी साडेतीनशेच्या वर, ३५५. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, म्हणून ३० अंश धरले: ३४९.५. पाइपांतलं अंतर २२ सेंमी घेतलं की ३४९.५ भागिले ०.४४, म्हणजे ७९४ हर्ट्झ. थंडीत तो आकडा ७७४ होतो, उन्हात ८०८. यंत्राचा स्वरही त्याच टापूत सरकतो. म्हणून २२ सेंमी ठरलं.

अंतरानं अडणाऱ्या स्वरांच्या पट्ट्याची जागा ठरते, पाइपाच्या जाडीनं पट्ट्याची रुंदी. इथं पहिली चूक झाली. गावाजवळ मानवेल बांबू मिळतो, स्वस्त आहे, म्हणून ४ फेब्रुवारीला शाळेच्या मैदानात दहा-दहाच्या पाच रांगा बांबूच्या रोवल्या. खर्च १,१०० रुपये. पलीकडं स्वर जेमतेम २ डेसिबल पडला. कारण सरळ आहे. ५ सेंमीचा बांबू २२ सेंमीच्या चौकोनात फक्त ४ टक्के जागा व्यापतो, लाटेला त्याचा अडथळा जाणवतच नाही. माद्रिदच्या शिल्पातही नळ्या साडेसहा टक्केच जागा व्यापतात, आणि तिथं नळ्यांच्या रांगा भरपूर आहेत. आमच्याकडं जागा मीटरभर रुंदीची. मानवेल बुडाला जाड आणि शेंड्याला बारीक असतो, बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवला नाही तर किडा लागतो. बांबूचा नाद सोडला.

शेतात ओलितासाठी वापरतात तो ११० मिमीचा पीव्हीसी पाइप त्याच चौकोनात २० टक्के जागा व्यापतो. मोठा खर्च करण्याआधी साधारण पाव मापाचा नमुना करून पाहिला आणि हे प्रत्येकानं करावं असं वाटतं. वायरिंगचा २५ मिमीचा कंड्यूट, अंतर ५ सेंमी, एक-एक मीटरचे ५० तुकडे, प्लायवूडच्या दोन फळ्यांत भोकं पाडून बसवले. सतरा नळ्यांचे ९३५ रुपये. एका बाजूला ब्लूटूथ स्पीकरवर खरखर लावली, दुसऱ्या बाजूला फोन. मापं ४.४ पट लहान म्हणून पट्टा तितकाच वर, ३,४०० हर्ट्झच्या आसपास सापडायला हवा. रात्री नऊनंतर, गाव शांत झाल्यावर, वर्णपटात तिथं खोल खड्डा दिसला. एकेक रांग काढत गेलो तसा तो भरत आला. पहिल्या रांगेच्या अलीकडं, स्पीकरच्या बाजूला, माइक धरला तर आवाज उलट वाढलेला होता, कारण परतलेली लाट तिथंच साचते. हे लक्षात ठेवा: अशी रचना आवाज गिळत नाही, परत पाठवते. यंत्रापाशी उभ्या बाईच्या कानावर थोडा जास्तच पडतो. कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार आणि १०० ला दोनच तास चालतात. ९८ डेसिबलवर दिवसभर उभं राहणं कानांचं कायमचं नुकसान आहे. कानातले बुच्चे पहिल्याच आठवड्यात आणून दिले, जोडी २० रुपये.

संगणकावरचं गणित ऑक्टेव्ह या मोफत गणिती प्रणालीत केलं. एक सूचना: पुस्तकी तरंगविस्ताराची पद्धत हवा आणि घन पदार्थ यांच्या जोडीत हट्टी ठरते, पदं वाढवत गेलो तरी उत्तर स्थिर होत नाही. प्रत्येक पाइपाभोवती विखुरणारी लाट धरून बेरीज करणारी पद्धत बरी. तिच्यात पट्टा साधारण ७०० ते ८६० आला आणि मध्यावर प्रत्येक रांगेमागं ३ ते ४ डेसिबल. पाच रांगांचे १५ च्या वर व्हायला हवेत. प्रत्यक्षात तेवढे मिळत नाहीत, कारण आवाज माथ्यावरून आणि टोकांवरून वळून येतो.

आता कागद. ग्रामसभेचा ठराव आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, दोन्ही हवेत. जागा शाळेची असल्यानं गटशिक्षण कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागलं, त्याला २३ दिवस. मग अंदाजपत्रक. अडचण अशी की ‘आवाज अडवणारं पाइपांचं कुंपण’ अशी बाब जिल्हा दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत, नाही. दरसूचीत नसलेल्या बाबीला दरपृथक्करण (दर कसा काढला त्याचा हिशेब) आणि तीन दरपत्रकं जोडावी लागतात. तालुक्याच्या एका कार्यालयात फाइल त्याच मुद्द्यावर दोनदा परत आली. ती तिसऱ्यांदा नेईपर्यंत १६ मार्च उजाडला, लोकसभेची आचारसंहिता लागली आणि ६ जूनपर्यंत सगळं थांबलं. पुढं एका शाखा अभियंत्यांनी वाट दाखवली. मुरूम भराव आणि काँक्रीट या दरसूचीतल्याच बाबी आहेत. तेवढा पाया ग्रामपंचायतीनं करायचा, वरची चौकट आणि पाइप गटानं लोकवर्गणीतून. असं काम वाटलं की फाइल हलते. हे आम्हाला जानेवारीत कळलं असतं तर सहा महिने वाचले असते.

थांबलेल्या त्या महिन्यांत जमिनीतून जाणारी थरथर हाताळली. शाळेच्या खिडक्यांच्या काचा वाजत होत्या. जमिनीतल्या लाटांसाठीही आवर्ती रचना करता येते. फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळ २०१२ मध्ये ३२ सेंमी व्यासाची, ५ मीटर खोल भोकं १.७३ मीटर अंतरानं पाडून ५० हर्ट्झच्या लाटा अडवून दाखवल्या आहेत. आमच्याकडं तो मार्ग घेतला नाही. खर्च तर आहेच, शिवाय आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते, तिच्यातला लाटेचा वेगच ऋतूगणिक बदलतो. आज बसवलेला पट्टा चार महिन्यांनी भलतीकडं गेलेला असणार. थरथर मुळाशी तोडणं सोपं. यंत्र आणि चौकट मिळून सुमारे २८० किलो. चार कोपऱ्यांखाली ६० बाय ६० मिमीचे रबराचे तुकडे, १२ मिमीचे तीन थर. रबर ०.८ मिमी दबलं. चौकटीवर फोन ठेवून, लाकडी हातोडीनं ठोकून पाहिलं तर तिची स्वतःची थरथर २० हर्ट्झला आली. ६७.५ च्या तुलनेत ती इतकी खाली असली की पायात जाणारा धक्का दहाव्या हिश्शावर येतो. लोक यंत्राखाली अख्खी रबरी शीट अंथरतात, त्यानं काही होत नाही. रबराला बाजूला फुगायला जागा मिळाली तरच ते मऊ वागतं. खाणीतून निघालेला जुना कन्व्हेअर पट्टाही चालत नाही, त्यात कापडाचे थर असतात. खर्च १,२०० रुपये, कागद एकही नाही, काचा त्याच दिवशी वाजायच्या थांबल्या.

पावसाळ्यात काळ्या मातीत पाया घ्यायचाच नाही. तांत्रिक मंजुरी २१ ऑगस्टला मिळाली, कार्यारंभ आदेश ९ ऑक्टोबरला. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. दसऱ्यानंतर लगेच खोदकाम सुरू केलेलं होतं म्हणून काम अडलं नाही. ४५ सेंमी काळी माती काढून मुरूम भरला, पाणी मारून धुमसला, वर १५ सेंमी काँक्रीट. पाइप सुटे-सुटे मातीत रोवले असते तर पहिल्याच पावसात वाकडेतिकडे झाले असते, आणि अंतर बिघडलं की रचना बिघडली. एखादा पाइप सेंटीमीटरभर इकडंतिकडं चालतो, सरासरी अंतर मात्र २२ च हवं.

एका रांगेत २६ पाइप, पाच रांगा, उंची ३ मीटर. लांबी साडेपाच मीटर, जाडी ९९ सेंमी. शेडच्या तोंडापासून दीड मीटरवर, कारण अडथळा आवाजाच्या उगमाजवळ असला की वरून वळून येणारा आवाज कमी होतो. जुने वीस फुटी पाइप ६५ नग, शेतकऱ्यांकडून २५० रुपयांप्रमाणे १६,२५०. तोंडाची झाकणं १३० नग, ४,५५०. उघडं तोंड ठेवू नका, पाणी साचतं आणि डास होतात. ४० मिमीचा अँगल आणि २५ मिमीची पट्टी मिळून १९५ किलो, ११,७००. वेल्डिंगची मजुरी ५,५००. पाया ७,८००. बोल्ट, तार आणि पांढरा रंग २,२००. वाहतूक १,८००, ध्वनिमापकाच्या दोन फेऱ्या १,५००. एकूण ५१,३००. पांढरा रंग शोभेसाठी नाही, उन्हात पीव्हीसी कडक होऊन तडकतं.

४०५ हर्ट्झचा खालचा स्वर २२ सेंमीच्या रांगांना जुमानत नाही. त्याच्यासाठी अंतर दुप्पट, ४४ सेंमी लागलं असतं. इथं दुसरी युक्ती वापरली: पाइपाला उभी चीर दिली की आतली हवा स्प्रिंगसारखी आणि चिरेतली हवा वजनासारखी वागते, पाइप एका ठरावीक स्वराला घुमतो आणि तो स्वर पुढं जाऊ देत नाही. यात रांगांतल्या अंतरापेक्षा पाइपाची स्वतःची घडण महत्त्वाची. हाँगकाँगच्या संशोधकांनी २००० साली शिशाच्या गोळ्यांवर सिलिकॉन रबर चढवून हेच घन पदार्थात दाखवलं. दीड सेंटीमीटरच्या घडणीनं ४०० हर्ट्झ अडवले, नुसत्या अंतराच्या हिशेबात न बसणारं काम.

चिरेच्या रुंदीत आमचे दोन आठवडे गेले. सूत्रात चिरेची खोली म्हणजे पाइपाची ३ मिमी जाडी, असं धरून चालत नाही. चिरेच्या आतबाहेरची हवाही तिच्यासोबत हलते, आणि ती जोडखोली जाडीच्या कितीतरी पट असते. ६ मिमीची चीर ३५० ला घुमली. ८ मिमी केली तर ३७५. रुंदी वाढवली की ही जोडखोलीही वाढते, म्हणून स्वर फार सावकाश चढतो. १२ मिमीला ४०५ सापडला. सरळ ५२ पाइप कापायला घेऊ नका. एक कापा, चिरेपाशी माइक धरून स्पीकरवर स्वर खालून वर चढवत न्या, मग बाकीचे. दुसरी गोष्ट, पाइप टोकापासून टोकापर्यंत चिरला की आतल्या ताणानं चीर मिटते. दर ५० सेंमीला ५ सेंमी न कापता सोडा. चिरेचं तोंड यंत्राकडं करू नका, मिरचीची भुकटी बसते. या स्वराची तरंगलांबी ८६ सेंमी, चीर कुठल्याही दिशेला असली तरी त्याला फरक पडत नाही. दोन रांगा चिरेच्या, तीन साध्या, अशी मांडणी डिसेंबर अखेर उभी राहिली.

१९ जानेवारी २०२५ ला नवी मिरची घालून मोजलं. मधल्या खिडकीत मोठा स्वर ११ डेसिबल खाली, लहान स्वर ६. एकूण आवाज ७३ वरून ६७. आकड्यात सहा दिसतात, पण कान फाडणारी किरकिर गेली आणि घरघर उरली. गुरुजींना शेवटच्या बाकापर्यंत ओरडून सांगावं लागत नाही. ५० च्या मर्यादेपासून आपण अजून दूरच आहोत. म्हणून परीक्षेच्या दिवशी पेपर सुटेपर्यंत यंत्र बंद, असं गटानं आणि शाळेनं लिहून घेतलं आहे.

पूर्वेच्या वर्गात मात्र स्वर ३ डेसिबलच पडला. ती खिडकी यंत्रापासून तिरपी, ४० अंशांवर. चौकोनी मांडणीत तिरक्या दिशेनं रांगांचं अंतर वेगळं पडतं, तिथला पट्टा ११०० हर्ट्झच्या वर जातो आणि ८०० चा स्वर निवांत निघून जातो. पाइप अधिक जाड असते तर दोन्ही पट्टे रुंदावून एकमेकांत मिळाले असते, पण मग वारा अडला असता. शेवटी त्या टोकाला ७ पाइपांच्या पाच रांगांचा वेगळा ठोकळा उभा केला, त्याची तोंडं थेट त्या खिडकीकडं. आणखी १३,४०० रुपये. आराखडा काढताना यंत्रापासून प्रत्येक खिडकीला दोरी ताणून कोन मोजला असता तर हे एकदाच झालं असतं.

एप्रिलमध्ये पाइप धनुष्यासारखे वाकले. थंडीत वर-खाली दोन्हीकडं बोल्ट आवळले होते. ३ मीटरचा पीव्हीसी पाइप ३५ अंशांच्या फरकानं ७ मिमी वाढतो, त्याला जायला जागाच नव्हती. वरचे बोल्ट काढून नुसती तार ठेवली, चौकटीखाली १० मिमी सोडले, आठवड्यात पाइप सरळ झाले. जूनच्या वादळात चिरेचे पाइप रात्रभर घुमले, शिट्टी पार मंदिरापर्यंत ऐकू गेली. चिरांवर मच्छरदाणीची सैल जाळी तारेनं बांधली, घूं घूं थांबली. कुंभारीण माशीची मातीची घरं चिरांत होत होती, तीही बंद झाली. जाळी घट्ट ताणू नका आणि दुहेरी करू नका, पाइपाचं घुमणं मरतं.

११ जानेवारी २०२६ ला शाळेतून निरोप आला की आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला आहे. पाइप, जाळ्या, अंतर सगळं जागच्या जागी. फोन लावून पाहिला तर सुळका ८०५ ला नव्हताच, ७१० ला होता, आमच्या पट्ट्याच्या अगदी काठावर. हंगामाआधी यंत्राची झिजलेली पुली बदलली होती आणि दुकानात साडेतीन इंची नव्हती म्हणून चार इंची बसवली. फेऱ्या तीन हजार साडेपाचशेवर आल्या, स्वरही त्यांच्यासोबत उतरला. साडेतीन इंची पुली नागपूरहून मागवली, ६८० रुपये, चार दिवस लागले. बसवली त्या संध्याकाळी सुळका पुन्हा ८०५ वर. गटाच्या ताईंनी यंत्राच्या पट्टा-कव्हरवर लाल रंगानं लिहून घेतलं: पुली ३॥ इंच, बीटर १२, बदलण्याआधी शाळेत सांगणे.